तान्ह्याला काय कळते?
(वर्धापनदिनाच्या सभेत केलेले भाषण)



माझा थोरला मुलगा तान्हा असताना आमच्या घरी एक नियम होता. मूल रडले म्हणून लगेच घ्यायचे नाही, मांडीची सवय लागते. आत तो रडत असे आणि दाराआड मी डोळे पुशीत असे. आज नातीला तेल लावताना ते दार मला आठवते.

‘तान्ह्याला काय कळते?’ असे आपण सहज म्हणतो. पण त्याला पुष्कळ कळते. पोटात असतानाच ते आईचा आवाज ऐकते. १९८० साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात तीन दिवसांच्या आतली बाळे आईचाच आवाज ऐकू यावा म्हणून चोखण्याची लय बदलीत, असे दिसले. नवजात बाळाला वीतभर, फार तर फूटभर अंतरावरचेच जरा बरे दिसते. पाजताना आईचा चेहरा नेमका तेवढ्याच अंतरावर असतो! दीड-दोन महिन्यांत ते आपल्याकडे पाहून हसते. आठव्या महिन्याच्या सुमारास परक्याकडे जाताना रडते, कारण आपले माणूस कोणते हे त्याला उमगलेले असते.

अमेरिकेतील एडवर्ड ट्रॉनिक व त्यांचे सहकारी यांनी १९७८ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. बाळाशी खेळणाऱ्या आईने थोडा वेळ चेहरा अगदी निर्विकार ठेवायचा. बाळ हसून पाहते, हुंकार देते, हात पुढे करते. उत्तर आले नाही की मान फिरवून हिरमुसते.

भगिनींनो, पाजताना आपली नजर मोबाईलवर असते, तेव्हा बाळाला असाच चेहरा दिसतो. मी सुनांना बोल लावीत नाही. आमच्या वेळी दार आड आले, आता पडदा येतो, एवढेच.

चोवीस तास बाळाकडे पाहणे कुणालाच जमणार नाही, आणि त्याची गरजही नाही. नजर चुकली तर पुन्हा वळावे, बोलावे, जवळ घ्यावे. पहिल्या काही महिन्यांत रडणाऱ्या बाळाला उचलल्याने ते लाडावत नाही. मात्र थकलेल्या आईला हे एकटीने कसे साधावे? म्हणून सासूबाईंनी, आणि घरातल्या पुरुषांनीही, पोळ्या-भांड्यांचा भार थोडा उचलावा.

आपल्या शेजारी नवी बाळंतीण असेल, तर उद्या तिच्या घरी डबा घेऊन जा. माझी एवढीच विनंती आहे.