म्हणींचे माप

(सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमात केलेले भाषण)



माझा पिंड व्याख्यात्याचा नाही. चाळीस वर्षांहून अधिक काळ कापड दुकानाच्या गादीवर मापे घेण्यात गेला. पदवी वाणिज्य शाखेची, त्यामुळे साहित्याचा अधिकारही सांगता येत नाही. परंतु गादीवर बसणाऱ्याच्या कानी दिवसभर म्हणी पडत असतात. ग्राहक घासाघीस करतो ती म्हणीने आणि व्यापारी आपला भाव राखतो तोही म्हणीनेच. म्हणून म्हणींविषयीच चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

गेल्या दिवाळीत एका ग्राहकाला मी म्हणालो, "तुमचे म्हणणे सोळा आणे खरे." शेजारी बसलेल्या नातवाने विचारले, "आजोबा, सोळा आणे म्हणजे किती टक्के?" मी शंभर टक्के असे सांगितले खरे, पण प्रश्न मनात रुतून बसला. ज्याने आणा पाहिलेला नाही, त्याला सोळा आण्यांची पूर्णता कशी कळावी?

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी आली. सोळा आणे, चौसष्ट पैसे, एकशे ब्याण्णव पै हे रुपयाचे जुने गणित संपले आणि शंभर नव्या पैशांचा रुपया झाला. एका आण्याचे सव्वासहा नवे पैसे होत, त्यामुळे सुरुवातीला बाजारात बराच गोंधळ झाल्याचे वडील सांगत. तरीही आणा तोंडातून गेला नाही. पंचवीस पैशांना आपण चार आणेच म्हणत राहिलो. ३० जून २०११ पासून ते नाणेही व्यवहारातून बाद झाले.

आणि आपल्या सेलूत तर त्या काळी सोळा आणेही दोन प्रकारचे होते! निजामाच्या राज्यात हाली रुपया चाले आणि सरहद्दीपलीकडे कलदार. हिशेब सात हाली म्हणजे सहा कलदार असा. दोन्ही रुपयांत आणे मात्र सोळाच. म्हणजे गोष्ट 'सोळा आणे खरी' म्हटली, तरी कोणत्या रुपयाचे सोळा आणे, हे विचारावे लागे. ज्या म्हणीला आपण सत्याचे माप समजतो, तिचे स्वतःचे मापही स्थळकाळावर अवलंबून असते, एवढा बोध यातून घ्यावा.

काही म्हणींना माणसाच्या पराक्रमाने मागे टाकले. अशक्य गोष्टीला आपण 'आकाशाला गवसणी घालणे' म्हणतो. गवसणी म्हणजे तंबोऱ्यावर चढवितात ती कापडाची खोळ. आकाशाच्या खोळीला किती तागे लागतील, हा हिशेब कोणत्याही कापडवाल्याला करता आला नसता. परंतु जुलै १९६९ मध्ये माणसाचे पाऊल चंद्रावर पडले आणि २३ ऑगस्ट २०२३ च्या सायंकाळी आपले चांद्रयान-३ चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ उतरले. त्या सायंकाळी दुकानातील गिऱ्हाईकही कापड बाजूला सारून मोबाईलकडे पाहत होते. हट्टी बालकाला 'चंद्र आणून देऊ का?' असे आता चेष्टेने म्हणताना आजीला जरा विचारच करावा लागेल.

काही म्हणींतील वस्तू गेली, परंतु आशय शिल्लक राहिला. मे २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाली आणि खेड्यापाड्यांतही गॅसची शेगडी पोहोचू लागली. तरी 'घरोघरी मातीच्या चुली' ही म्हण खोटी ठरली नाही, कारण घरातील कुरबुरी शेगडीबरोबर बदलल्या नाहीत. विजेचा दिवा छताला टांगला गेला, पण दिव्याखालचा अंधार आहे तिथेच आहे. कळशी काखेत घेऊन पाण्याला जाणाऱ्या बाया आता कमी दिसतात. परवा मात्र मीच हातातील मोबाईलच्या उजेडात मोबाईल शोधीत होतो. काखेत कळसा तो हाच!

आपल्या तत्त्वज्ञानात द्रव्य आणि पर्याय यांचा विचार सांगितला आहे. हार मोडून बांगड्या केल्या तर हाराचा व्यय होतो, बांगड्यांचा उत्पाद होतो आणि सोने ध्रुव राहते. म्हणींनाही हीच कसोटी लावावी. आकार वितळल्यावर आत सोने उरते का, ते पाहावे. काही म्हणी वितळविल्या तर मात्र लक्षात येते की तो नुसता मुलामा होता.

'मुलगी म्हणजे परक्याचे धन' ही अशी एक म्हण. आज मुख्यतः हिच्याविषयी बोलायचे आहे.

१९५६ साली आपल्या देशात दोन कायदे झाले. एक वजन-मापांचा. त्याने टप्प्याटप्प्याने वार आणि गज गेले, मीटर आला. दुसरा हिंदू उत्तराधिकार कायदा. तो आपल्या जैन समाजालाही लागू आहे. त्याने वडिलांच्या स्वतःच्या मिळकतीत मुलीला मुलाच्या बरोबरीचा वारस ठरविले. पुढे ९ सप्टेंबर २००५ पासून वडिलोपार्जित एकत्र मिळकतीतही तिला जन्मतः समान हक्क मिळाला. पहिला कायदा आम्ही व्यापाऱ्यांनी थोड्याच वर्षांत अंगवळणी पाडला. नऊवारीचे नाव तेवढे राहिले. मोजताना ती सव्वाआठ मीटरच्या आसपास भरते, हे आम्हाला तोंडपाठ झाले. आणि दुसऱ्या कायद्याचे काय झाले?

माझ्या घरचेच सांगतो. १९९८ साली वडील वारले. वर्षभरात दुकानाची जागा आम्हा दोघा भावांच्या नावे झाली. थोरल्या बहिणीने हक्कसोडपत्रावर सही केली. आम्ही तिला उत्तम पैठणी नेसविली, गोडाचे जेवण झाले. कोणी वाईट हेतूने काही केले नाही. 'ताई सुखात आहे, तिला काय कमी', असे सर्वच म्हणाले, मीही म्हणालो. वाराचे मीटर केले, आण्याचे पैसे केले. बहिणीचा हिस्सा मात्र जुन्याच मापाने मोजला. ग्राहकाला बोटभर कापड कमी पडू नये म्हणून जन्मभर जपणाऱ्या माणसाच्या हातून हे झाले.

नातवाच्या त्या प्रश्नानंतर मी तो कागद काढला आणि भाऊबीजेला ताईकडे घेऊन गेलो. तिने चष्मा लावून तो सावकाश वाचला. मग म्हणाली, "अरे, त्या दिवशी हे मला कुणी वाचून दाखवलंच नव्हतं." एवढेच. तिचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर मला सोपे गेले असते. मी तिच्यापुढे आजच्या भावाने हिशेब मांडला. पुढे काय ठरले ते आम्हा भावंडांतले आहे. परंतु हिशेब मांडल्याशिवाय तिच्या त्यागाला त्याग म्हणता येत नव्हते, हे मला सदुसष्टाव्या वर्षी कळले.

आपल्या समाजात दानाची परंपरा मोठी आहे. परंतु आपल्याजवळ काय आहे हे ठाऊक असणाराच दान करू शकतो. म्हणून माझी नम्र विनंती आहे. कोणत्याही घरात असा कागद पुढे येईल, तेव्हा तो आधी मुलीला, बहिणीला वाचून दाखवावा, तिचा हिस्सा आकड्यात सांगावा आणि मग निर्णय तिच्यावर सोपवावा. तिने घेतला तर आनंदाने द्यावा. सोडला तर तिचे ऋण मानावे.

माझ्या दुकानाच्या माळ्यावर वडिलांचा लोखंडी गज अजून आहे. मी तो जपून ठेवला आहे. त्याने कापड मात्र मोजत नाही. काही म्हणींनाही आता तशीच माळ्यावर जागा द्यावी, एवढे सांगून आपली रजा घेतो.

जय जिनेंद्र.