मुक्कामी गाडीची वीज

(मार्गासनी येथे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



१ जून १९४८ रोजी एस.टी.ची पहिली गाडी पुणे-नगर मार्गावर धावली. १ जून २०२२ रोजी त्याच मार्गावर महामंडळाची विजेवरची 'शिवाई' सुरू झाली. या बदलाचे स्वागतच केले पाहिजे. परंतु डिझेलच्या टाकीने कधी न विचारलेला प्रश्न बॅटरी विचारते: मला भरायचे कोठे आणि किती वाजता?

हिशेब साधा आहे. आगारात रात्री चाळीस गाड्या परतल्या आणि प्रत्येकीला दोनशे युनिट वीज हवी, असे समजू. सर्व गाड्या एकदम शंभर किलोवॉटच्या चार्जरला जोडल्या, तर दोन तास चार हजार किलोवॉटचा भार पडतो. तीच वीज आठ तासांत पाळीपाळीने दिली, तर हजारात भागते. (तारेतील गळती मी सोडून दिली आहे, इंजिनिअर मंडळींनी क्षमा करावी.) युनिट तितकीच, रोहित्र आणि मागणी आकार मात्र चौपट लागणार की नाही, हे केवळ वेळापत्रकावर ठरते. ही पाळी आता संगणक लावतो, आणि ते योग्यच आहे.

पण संगणकाला उद्दिष्ट कोण सांगतो? 'खर्च किमान ठेवा' एवढेच सांगितले, तर मुक्कामी गाडी ही त्याची पहिली अडचण ठरते. कारण ती रात्री आगारात येतच नाही. पहाटे कॉलेजची मुले आणि दुधाचे कॅन घेऊन निघणारी ही गाडी, कोणी तसा निर्णय न घेताच, बंद होऊ शकते. खर्चाची घासाघीस होते, मर्यादेची होत नाही, हा भेद अर्थशास्त्रात मूलभूत आहे. मुक्कामी गाडी त्या गणितात मर्यादा म्हणूनच लिहिली गेली पाहिजे.

गावात वीज पुरेल का? दोनशे युनिट आठ तासांत भरायला पंचवीस किलोवॉट पुरतात. म्हणजे पाच अश्वशक्तीचे सहा-सात पंप. शेतीला दिवसा वीज मिळावी म्हणून मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ साली आली. ज्या उपकेंद्रावरचे पंप खरोखर दिवसा चालू लागतील, तेथे रात्री एवढी जागा सहज मोकळी होईल. जेथे ते अजून रात्रीच चालतात, तेथे आधी त्यांना दिवसाची वीज द्यावी. शेतकऱ्याच्या पाण्यातून गाडीची वीज काढू नये.

ग्रामसभेच्या ठरावात 'चार्जर मिळावा' असे मोघम लिहू नका. किती किलोवॉट, रात्री किती ते किती, स्वतंत्र रोहित्राचा खर्च कोणाकडे आणि पहाटे गाडी किती वाजता सुटली पाहिजे, हे स्पष्ट लिहा.