भाड्याचे घर आणि मुके जनावर

(वारंगा फाटा येथे केलेले भाषण)



नांदेड, हिंगोली आणि यवतमाळकडचे रस्ते आपल्या या फाट्यावर एकत्र येतात. मुलांच्या शिक्षणासाठी, नोकरीसाठी गाव सोडणारी कुटुंबे याच रस्त्यांनी शहरात जातात. टेम्पोत भांडीकुंडी चढतात. दारातले कुत्रे मात्र मागे राहते. कारण शहरातल्या घरमालकाने आधीच बजावलेले असते : जनावर चालणार नाही.

हा श्रीमंतांच्या हौसेचा प्रश्न आहे, असे कोणी म्हणेल. श्रीमंताला हा प्रश्नच नाही. तो स्वतःच्या बंगल्यात हवे ते पाळतो. गृहनिर्माण संस्थांना बहुमतानेही पाळीव कुत्र्यांवर बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक तत्त्वांत स्पष्ट केले. परंतु भाडेकरूची गाठ प्रथम पडते ती घरमालकाशी आणि त्याच्या करारनाम्याशी.

हा करार दोन समानांमधला असतो काय? २०११ च्या जनगणनेत देशातील शहरांत सुमारे १ कोटी ११ लाख घरे रिकामी आढळली. २०१२ साली केंद्राच्या अभ्यासगटाने शहरी घरांची तूट सुमारे १ कोटी ८८ लाख ठरविली. एकीकडे कुलूपबंद घरे, दुसरीकडे टंचाई! अशा बाजारात अटी एकच पक्ष घालतो आणि दुसरा सही करतो.

शिवाय, सबळ कारणाशिवाय जनावराला भुकेतहानेने हाल होतील अशा स्थितीत सोडून देणे हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे गुन्हा आहे. कायदा म्हणतो टाकू नकोस, मालक म्हणतो आणू नकोस. भाडेकरूने करावे काय?

माणसाला जात-धर्म विचारून घर नाकारणे हा याहून फार मोठा अन्याय आहे. दोन्ही एका तराजूत घालू नयेत. परंतु दोहोंच्या मुळाशी समजूत एकच : घर माझे, म्हणून आतले जगणेही माझ्या मर्जीचे.

घरमालकाची बाजूही ऐकली पाहिजे. अनेक लहान मालकांचा संसार भाड्यावर चालतो. ओरबाडलेली दारे, दुर्गंधी, रात्रीचे भुंकणे, चाव्याची भीती या तक्रारी खोट्या नव्हेत. पण त्यांवर उपाय अटींचा आहे, सरसकट बंदीचा नव्हे. फ्रान्सने ९ जुलै १९७० च्या कायद्याने हेच केले : राहत्या घरात पाळीव प्राणी ठेवण्यास मनाई करणारे कलम करारात असले तरी ते नसल्यासारखेच मानायचे, मात्र प्राण्याने नुकसान वा उपद्रव करता कामा नये.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ ने भाडेकरार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक केलेच आहे. त्याच कायद्यात अशी तरतूद व्हावी. रेबीजची लस, स्वच्छता, शेजाऱ्यांची शांतता ही जबाबदारी भाडेकरूची. झालेले नुकसान अनामत रकमेतून वळते करावे. एवढे पाळणाऱ्याला जनावराच्या कारणावरून घर नाकारता येऊ नये. भाडेकरूंच्या मागण्यांत ही मागणीही आपण नोंदवली पाहिजे.