एका बांधावर दोन रोज

समान वेतनाचा कायदा १९७६ साली झाला. २०१९ च्या वेतनसंहितेनेही ते तत्त्व स्वीकारले. तरीही परभणी जिल्ह्यात शेतावर ‘गड्याचा रोज’ आणि ‘बाईचा रोज’ हे दोन भाव चालतात. कायदा समान कामाविषयी बोलतो. गावात कामांचीच वाटणी झालेली आहे. नांगरट, फवारणी पुरुषाची. खुरपणी, वेचणी बाईची. काम निराळे म्हटले की कमी मजुरीला निमित्त मिळते.

हा भेद अटळ नाही. रोजगार हमी योजनेत मजुरी कामाच्या मापावर ठरे. माती बाईने खोदली की पुरुषाने, हे मोजणीची टेप विचारीत नसे.

२०११ पासून महाराष्ट्रात पंचायतींतील निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत. रस्ते-गटारांवर ठराव होतात. किमान वेतनाचा विषय मात्र ग्रामसभेत क्वचितच निघतो. तो कार्यकर्त्यांनी मांडला पाहिजे. परंतु अनेक कार्यकर्ते स्वतःच मजूर लावणारे शेतकरी आहेत. कापसाला भाव मिळत नाही, ही त्यांची तक्रार खरी. पण तो तोटा बाईच्याच पदरी का? त्यांनी प्रथम स्वतःच्या शेतावर एकच रोज सुरू करावा आणि मग ग्रामसभेत उभे राहावे.