श्रीरामपूरचे केरीसाहेब आणि त्यांचे घर

(मंडळाच्या व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



मराठी मंडळाच्या व्यासपीठावर आम्ही एका इंग्रज पाद्र्याचे चरित्र सांगणार, हे कळल्यावर काही मित्रांनी भुवया उंचावल्या. त्यांना आमचे उत्तर एवढेच की, मायदेशापासून दूर राहून मराठीची सेवा करण्यात विल्यम केरी हे आपले पूर्वसूरी ठरतात. श्रीरामपूर म्हणताना आपल्याकडचे गाव मनात आणू नये. हे श्रीरामपूर हुगळीकाठचे. त्या काळी तेथे डेन्मार्कच्या राजाचा अंमल होता.

केरींचा जन्म १७६१ चा, नॉर्दॅम्प्टनशायरमधील एका खेड्यातला. जोडे शिवण्याचा धंदा करता करता त्यांनी लॅटिन, ग्रीक व हिब्रू आत्मसात केल्या आणि पुढे ते बॅप्टिस्ट मंडळीचे पाळक झाले. १७९३ साली हिंदुस्थानास जाण्याचे ठरले, तेव्हा पत्नी डॉरोथी यांनी साफ नकार दिला. लग्नाच्या नोंदवहीत सहीच्या जागी फुली करणारी ही बाई. पदरी तीन मुले आणि दिवस भरत आलेले. केरी थोरल्या मुलास घेऊन निघाले. परंतु जहाजाचा बेत फिसकटला आणि ते परत घरी आले. तोवर बाळंतपण झाले होते. बहीण सोबत येत असेल तर येते, असे सांगून डॉरोथीबाई तान्ह्या बाळासह निघाल्या. प्रवास पाच महिन्यांचा होता.

केंद्र सरकारच्या नोकरीत आमच्या सात बदल्या झाल्या. हुकूम दर वेळी आमच्या नावे निघाला, बिऱ्हाड मात्र घरातल्या बाईने बांधले. म्हणून चरित्राच्या या पानाशी आम्ही बराच वेळ थांबलो.

मालद्याकडील एका निळीच्या कारखान्यावर केरींनी व्यवस्थापकी पत्करली. तेथे १७९४ साली पाच वर्षांचा पीटर हगवणीने गेला. त्यानंतर डॉरोथीबाईंचे मन जे बिघडले ते सावरलेच नाही. भ्रमाच्या भरात त्या पतीवर नाही नाही ते आरोप करीत. पुढे त्यांना खोलीत बंद ठेवावे लागे आणि शेजारच्या खोलीत केरी भाषांतर करीत बसत. १८०७ च्या डिसेंबरात त्यांची सुटका झाली.

आता तारखा जुळवून पाहाव्या. केरी १८०० साली श्रीरामपुरास आले, १८०१ साली फोर्ट विल्यम कॉलेजात बंगाली शिकवू लागले, पुढे मराठीही त्यांच्याकडे आली. वसईचा तह होऊन गेला होता. कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना मराठी येणे अगत्याचे झाले होते. पुण्यात दुसऱ्या बाजीरावाची पेशवाई चालू असताना, १८०५ साली, केरींचे मराठी व्याकरण श्रीरामपुरास छापून झाले. (रोममध्ये १७७८ साली मराठीचे एक पोर्तुगीज व्याकरण छापले गेले होते, हे आम्ही विसरलेलो नाही.) १८१० साली मराठी-इंग्रजी कोश निघाला, त्यातील मराठी शब्द मोडीत आहेत. मोल्सवर्थचा कोश येण्यास अजून एकवीस वर्षे होती! पंडित वैजनाथ यांचे साहाय्य नसते तर यातले काहीच झाले नसते. पण वैजनाथांचे चरित्र कोणी लिहिले नाही. पगाराचा बहुतेक भाग केरी मिशनच्या कामात घालीत.

म्हणजे आपले ते व्याकरण अशा घरात तयार झाले. कर्तव्यनिष्ठा म्हणून तिची स्तुती करणारे पुष्कळ आहेत. आम्हांस ती मनमोकळेपणी करवत नाही, आणि व्याकरणाचे ऋण नाकारवतही नाही.

१८०८ साली केरींनी शार्लट या विदुषी डॅनिश बाईंशी विवाह केला. त्या पायांनी अधू होत्या. तेरा वर्षांचा हा संसार सुखाचा झाला. मधल्या काळात, ११ मार्च १८१२ रोजी, छापखान्यास आग लागून हस्तलिखिते व खिळे भस्मसात झाले. केरी पुन्हा कामास लागले. १८२१ साली शार्लटबाई वारल्या. केरींनी तिसरा विवाह केला. उतारवयात कॉलेजची नोकरी सुटली, तरी भाषांतराच्या दुरुस्त्या आणि स्वतः लावलेली बाग सुटली नाही. ९ जून १८३४ रोजी श्रीरामपुरासच त्यांचा अंत झाला. आपल्याला शार्लटच्या शेजारी पुरावे, असे त्यांनी मृत्युपत्रात लिहून ठेवले होते.

गेल्या हिवाळ्यात आम्ही सहकुटुंब श्रीरामपुरास जाऊन आलो. परतताना लोकलमध्ये मृत्युपत्रातील ही गोष्ट आम्ही सांगितली. सौभाग्यवती बराच वेळ बाहेर पाहत होत्या. हावडा जवळ आल्यावर त्यांनी विचारले, “आणि ती पहिली कुठे आहे हो?”