निवृत्तांचा लढा कामावर असलेल्यांनी लढावा

(कामगार कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



निवृत्तिवेतन हा विषय आपल्या शिबिरांत सहसा शेवटच्या सत्रात येतो. तोवर निम्मी मंडळी परतीच्या गाडीची वेळ पाहू लागलेली असतात. हे अपघाताने होत नाही. कामगार अठ्ठावन्न वर्षांचा झाला की कारखान्याच्या हजेरीपटावरून त्याचे नाव जाते आणि त्याच महिन्यात बहुतेक युनियनच्या वहीतूनही जाते. नारळ, शाल, दोन शब्द कौतुकाचे, आणि तीस वर्षे ज्याने वर्गणी भरली तो माणूस आपल्या चळवळीच्या दृष्टीने संपतो. म्हणून आज हा विषय मी मुद्दाम तरुण कार्यकर्त्यांपुढे मांडणार आहे, कारण माझ्या मते तो त्यांचाच आहे.

प्रथम मूळ प्रश्न घेऊ. निवृत्तिवेतन म्हणजे काय? मालकाची मेहेरबानी की सरकारचा दानधर्म? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने १७ डिसेंबर १९८२ रोजी नाकरा खटल्यात याचे उत्तर दिले. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड त्या पीठाचे प्रमुख होते. निवृत्तिवेतन ही खैरात नसून केलेल्या सेवेतून निर्माण झालेला हक्क आहे, असे न्यायालयाने मानले. तो खटला सरकारी सेवकांचा होता. परंतु त्यातील तत्त्व गिरणीत, साखर कारखान्यात किंवा एस.टी.च्या आगारात राबणाऱ्याला कमी लागू पडते असे कोणी म्हणू शकेल काय? आज केलेल्या श्रमाचा जो मोबदला आज हाती न देता म्हातारपणासाठी राखून ठेवला जातो, तो पगारच होय. तो थकला तर पगार थकला आणि तो झिजला तर पगार कापला गेला, असेच म्हटले पाहिजे.

आता खाजगी, सहकारी आणि महामंडळांच्या कामगारांचा हा राखीव पगार कसा साठतो ते पाहू. भविष्यनिर्वाह निधीचा कायदा १९५२ चा. १९७१ साली त्याला कुटुंब निवृत्तिवेतनाची जोड मिळाली. पण ते वेतन कामगाराच्या मृत्यूनंतर कुटुंबाला मिळावयाचे. जिवंत निवृत्त कामगाराला दरमहा काही मिळावे ही व्यवस्था यायला १६ नोव्हेंबर १९९५ उजाडावे लागले. या योजनेत मालकाच्या १२ टक्के वर्गणीतील ८.३३ टक्के रक्कम पेन्शन निधीत जाते आणि केंद्र सरकार १.१६ टक्के भर घालते. मात्र १ सप्टेंबर २०१४ पासून हा सर्व हिशेब १५,००० रुपयांच्या पगारमर्यादेवर बसवण्यात आला. म्हणजे मालकाचे १,२५० रुपये आणि सरकारचे १७४ रुपये. निवृत्तीनंतरचा हिशेब असा : पेन्शनयोग्य पगाराला सेवेच्या वर्षांनी गुणावे आणि ७० ने भागावे. पस्तीस वर्षे घाम गाळणाऱ्याला या मर्यादेत साडेसात हजार मिळतात. वीस वर्षांवरील सेवेसाठीची दोन वर्षांची जोड धरली तरी आकडा आठ हजारांच्या आतच राहतो. हे झाले सर्वांत भाग्यवंताचे. मर्यादा पाच हजार किंवा साडेसहा हजार असताना जे निवृत्त झाले, त्यांतील कित्येकांच्या खात्यावर एक-दोन हजारच पडतात.

सप्टेंबर २०१४ मध्ये किमान पेन्शन १,००० रुपये ठरली. त्याआधी, २०१३ साली, राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केलेली होती. त्या समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल झाले. शिफारस मात्र कागदावरच राहिली. हजार रुपये ठरल्यावर पुढे दहा वर्षे लोटली तरी तो आकडा तसूभर हलला नाही.

या योजनेची खरी व्याधी रकमेच्या लहानपणापेक्षाही खोल आहे. तिला महागाई भत्ता नाही. पहिल्या महिन्याला जी रक्कम ठरली तीच वीस वर्षांनंतर. वर्षाला पाच टक्के भाव वाढले तर चौदा वर्षांत रुपयाची किंमत निम्मी होते. म्हणजे अठ्ठावन्नाव्या वर्षी सुरू झालेली पेन्शन बहात्तराव्या वर्षी आपोआप अर्धी होते. त्यासाठी कोणाला आदेश काढावा लागत नाही की विधेयक आणावे लागत नाही. आणि हे नेमके त्या वयात, जेव्हा औषधांचा खर्च वाढतो आणि दर वर्षी हयातीचा दाखला देऊन आपण अजून जिवंत आहोत हे सिद्ध करावे लागते.

सरकारला महागाईशी जोडलेली पेन्शन देता येत नाही असे नाही. १ एप्रिल २०२५ पासून केंद्र सरकारने आपल्या कर्मचाऱ्यांसाठी एकीकृत निवृत्तिवेतन योजना आणली. तीत दहा वर्षांच्या सेवेनंतर किमान दहा हजार रुपयांची हमी आहे आणि त्यावर महागाईची भरपाईही आहे. १९९५ च्या योजनेतही पात्रतेला दहाच वर्षांची सेवा लागते. तिथे दहा हजार आणि वर महागाई. इथे एक हजार आणि वर काही नाही. साथींनो, ही तुलना मी सरकारी कर्मचाऱ्याचा हेवा करण्यासाठी करीत नाही. त्याला मिळाले ते योग्यच मिळाले, किंबहुना जुन्या पेन्शनच्या मानाने कमीच मिळाले. आपल्याला न मिळालेल्याचे खापर त्याच्या माथी फोडणे हा मालकवर्गाचा आवडता खेळ आहे. तो आपण खेळू नये.

मग प्रश्न असा की निवृत्त कामगारांनी काय करायचे ठेवले? त्यांनी निवेदने दिली, दिल्लीला धरणी धरली. बुलढाण्यात त्यांनी डिसेंबर २०१८ मध्ये साखळी उपोषण सुरू केले. न्यायालयाचे दार ठोठावले. ४ नोव्हेंबर २०२२ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने काहींना प्रत्यक्ष पगारावर पेन्शन घेण्याचा पर्याय मिळाला; पण १ सप्टेंबर २०१४ पूर्वी असा पर्याय न देता निवृत्त झालेले त्यातून वगळले गेले. निष्ठेत आणि चिकाटीत हे वृद्ध कोठेही उणे पडले नाहीत. उणीव वेगळीच आहे. त्यांच्या हाती संपाचे हत्यार नाही. त्यांनी उपोषण केले म्हणून एकही यंत्र थांबत नाही, एकही गाडी आगारात अडकत नाही.

याच्या उलट उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर घडले. नोव्हेंबर २००५ पासून नेमलेल्या राज्य कर्मचाऱ्यांची जुनी पेन्शन गेली होती. १४ मार्च २०२३ रोजी महाराष्ट्रातील सरकारी व निमसरकारी कर्मचारी संपावर गेले आणि २० मार्चपर्यंत कचेऱ्या, शाळा, इस्पितळे यांचे काम अडले. सरकारला चर्चेला बसावे लागले. हा संप निवृत्तांनी केला नव्हता. ज्यांची निवृत्ती पंधरा-वीस वर्षे दूर होती त्यांनी तो केला. यातला धडा स्पष्ट आहे : पेन्शन मिळते निवृत्तीनंतर, पण ती जिंकावी लागते कामावर असताना.

ज्याला एक मालकच नाही त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर महाराष्ट्राने १९६९ सालीच दिले. माथाडी कायद्याने मंडळे स्थापन झाली. व्यापाऱ्याने हमालाच्या मजुरीबरोबर लेव्ही मंडळात भरायची आणि मंडळाने त्यातून फंड, ग्रॅच्युइटी, रजा यांची तजवीज करायची, अशी ही रीत आहे. दररोज मालक बदलणाऱ्या माणसालाही फंड मिळू शकतो, हे पाठीवर ओझे वाहणाऱ्यांनी संघटनेच्या बळावर सिद्ध केले. त्याच परंपरेतील बाबा आढाव यांनी २०१२ साली अरुणा रॉय यांच्यासह पेन्शन परिषदेतून प्रत्येक वृद्ध श्रमिकाला दरमहा दोन हजारांची मागणी दिल्लीत मांडली. तेव्हा केंद्राचा वृद्धापकाळ निवृत्तिवेतनातील वाटा ऐंशीच्या आतील वृद्धाला अवघा २०० रुपये होता.

पैसा कोठून आणायचा, हा नेहमीचा प्रश्न. ज्यांनी पैसा सोडून दिला त्यांनी तो विचारू नये. मृत्युकर १९८५ साली रद्द झाला. संपत्तिकर २०१५ च्या अर्थसंकल्पाने गेला. सप्टेंबर २०१९ मध्ये कंपन्यांना सवलती सोडल्यास मूळ आयकराचा दर ३० वरून २२ टक्के करून देण्यात आला. पगारदाराचा आयकर मात्र पगार हाती येण्याआधीच कापला जातो. आणि हजार रुपयांचा पेन्शनधारक आयकराच्या कक्षेत येत नसला तरी साबणापासून औषधापर्यंत वस्तू व सेवा कर भरतच असतो. तिजोरी त्याच्याकडून घेताना त्याचे वय विचारीत नाही.

तेव्हा आपली कामे कोणती? पहिले, प्रत्येक मागणीपत्रात पेन्शनची कलमे पहिल्या पानावर यावीत : किमान रकमेत वाढ, महागाई निर्देशांकाशी जोड आणि पगारमर्यादेत वाढ. दुसरे, कंत्राटी कामगाराच्या फंडाचा भरणा खरोखर होतो की नाही हे युनियनने महिन्याच्या महिन्याला तपासावे. आज न भरलेला हप्ता हा उद्याचा उपाशी म्हातारा असतो. तिसरे, २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांतील पुष्कळ गोष्टींना आपला विरोध आहे व राहील. पण भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर जादा भाग वेतनात धरावा, ही त्यातली तरतूद मूळ पगार लहान दाखवणाऱ्या मालकांविरुद्ध वापरायला हवी. चौथे, निवृत्त झालेल्याचे नाव वहीतून काढू नका. त्याला सभासद ठेवा, सभेला बोलवा, मत द्या.

शेवटी तरुण साथींना एवढेच सांगतो. निवृत्त माणसासाठी लढा म्हणजे ज्येष्ठांवर दया, असे समजू नका. ज्या सूत्राने त्याची पेन्शन मोजली गेली, त्याच सूत्राने तुमचीही मोजली जाणार आहे. ते बदलण्याची ताकद तुमच्या हातांत आहे, आणि ती तुम्ही कामावर आहात तोवरच आहे.