सोन्याचा मुलामा आणि कानाची कसोटी

कान सोनारानेंच टोचावे, अशी मराठींत जुनी म्हण आहे. संगीत ऐकण्याचीं साधनें विकणाऱ्या दुकानांतून मात्र सोन्याचा आणि कानांचा संबंध हल्लीं निराळ्याच रीतीनें जोडला जातो. रेकॉर्डप्लेअर, अ‍ॅम्प्लिफायर आणि लाउडस्पीकर यांना सांधणाऱ्या तारांच्या टोकांवरील प्लग पिवळेधमक असतात. आणि 'सोन्याच्या मुलाम्यामुळें आवाज अधिक स्वच्छ व गोड होतो,' असें ग्राहकास सांगण्यांत येतें. त्यासाठीं साध्या तारेच्या कित्येक पट किंमत मोजावी लागते. तेव्हां या म्हणण्यांत तथ्य किती, हें तपासून पाहणें अगत्याचें आहे.

प्रथम धातूचाच विचार करावा. सोनें सर्वांत मोलाचें, म्हणून तें विजेचेंहि सर्वांत उत्तम वाहक असेल, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुस्थिति तशी नाहीं. या गुणांत पहिला मान चांदीचा, दुसरा तांब्याचा आणि त्यानंतर सोन्याचा. सारख्या लांबीच्या व जाडीच्या दोन तारा घेतल्या, तर सोन्याची तार तांब्याच्या तारेहून प्रवाहास अधिक रोध करते. शिवाय प्लगवरील मुलाम्याची जाडी चांगल्या मालांतहि एका मिलिमीटरच्या हजाराव्या हिश्शाच्या आसपास असते. हलक्या मालांत ती त्याहून पुष्कळच कमी. इतक्या पातळ थरानें आवाजांत गोडवा भरावा, असें त्याच्या अंगीं कांहीं नाहीं.

मग शास्त्रज्ञ आणि कारखानदार सोनें वापरतात तें कशासाठीं? याचें उत्तर स्वयंपाकघरांतील कल्हईच्या भांड्यांत आहे. तांब्यापितळेच्या भांड्यास कल्हई करतात ती आमटीस चव यावी म्हणून नव्हे. आंबट पदार्थ कळकूं नयेत म्हणून. सोन्याच्या मुलाम्याचें काम नेमकें हेंच आहे. तांबें, पितळ, कथील, निकेल या धातूंवर हवेंतील प्राणवायूमुळें आणि ओलाव्यामुळें हळूहळू एक सूक्ष्म पापुद्रा चढतो. चांदी गंधकाच्या अंशानें काळी पडते. हा पापुद्रा वीज नीट वाहूं देत नाहीं. रेकॉर्डवरून फिरणाऱ्या सुईपासून निघणारा विजेचा दाब एका व्होल्टच्या कांहीं हजारांश एवढाच असतो, आणि एवढ्या क्षीण दाबाला तो पापुद्रा भेदतां येत नाहीं. सोनें मात्र हवेंत गंजत नाहीं. म्हणूनच संगणकांतील बारीक जोडांवर आणि अनेक नाजूक यंत्रांत त्याचा उपयोग करतात. सोनें जोड टिकवितें. नाद घडवीत नाहीं.

आतां थोडा हिशेब करावा. स्वच्छ आणि घट्ट बसलेल्या कोणत्याहि प्लगचा रोध एका ओहमच्या शंभराव्या हिश्शाहून सहसा अधिक नसतो. ज्या अ‍ॅम्प्लिफायरला तो जोडावयाचा त्याचा रोध दहा हजार ओहम किंवा त्याहून अधिक असतो. म्हणजे जोडामुळें होणारी घट दहा लाखांत एक. डेसिबलच्या मापानें ती एका डेसिबलच्या लाखाव्या हिश्शाहूनहि लहान भरते. सावध कानालासुद्धां डेसिबलच्या पांचव्या हिश्शाहून लहान फरक सहसा ओळखतां येत नाहीं. आठ ओहमच्या लाउडस्पीकरच्या बाबतींत हिशेब थोडा बदलतो. तरी तेथेंहि घट डेसिबलच्या शंभराव्या हिश्शाएवढीच. उलट, एक चौरस मिलिमीटर जाडीची पांच मीटर लांब जोडतार घेतली, तर जाण्यायेण्याच्या मार्गांत तिचाच रोध ओहमच्या सहाव्या हिश्शाइतका होतो. प्लगच्या रंगापेक्षां तारेच्या जाडीकडे पाहणें अधिक शहाणपणाचें, तें यामुळें.

असें असतांहि 'आम्हांस फरक ऐकूं आला' असें सांगणारीं माणसें प्रामाणिक असतात. त्यांची फसगत कशी होते, हें समजण्यासाठीं मुंबईसारख्या दमट हवेच्या शहरांतील एका घराची कल्पना करावी. पावसाळ्यांत एका लाउडस्पीकरमधून खरखर येऊं लागते. मुलगा सोन्याच्या मुलाम्याची महागडी तार घेऊन येतो, जुनी काढतो, नवी बसवितो. आणि खरखर थांबते. मुलगा आनंदानें म्हणतो, ''आई, सूरसुद्धां किती गोड झाले बघ!'' आई शांतपणें म्हणते, ''खरखर गेली, हें खरें. गाणें मला पूर्वींसारखेंच वाटतें.'' त्यावर मुलगा म्हणतो, ''त्याला कान तयार असावा लागतो.''

येथें आईचा कान चुकलेला नाहीं. पापुद्र्यामुळें जोड अडत होता, म्हणून खरखर होती. जुना प्लग उपसतांना आणि नवा दाबून बसवितांना खोबणीतील पापुद्रा खरवडला गेला, आणि वाट मोकळी झाली. तोच जुना प्लग पुसून दोनचार वेळां आंतबाहेर केला असता, तरी पुष्कळदा हाच गुण आला असता. यश हाताच्या घासण्याचें. श्रेय मात्र सोन्यास मिळालें. आणि खर्च केलेल्या पैशाची लाज राखण्यासाठीं मन पुढें गोडवाहि ऐकूं लागलें.

यावर उपाय सोपा आहे. सोन्याची पारख जशी कसोटीच्या दगडावर, तशी या दाव्याची पारख न पाहतां ऐकण्यावर करावी. घरांतील एकानें पडद्याआड तारा बदलाव्या किंवा बदलल्याचें नुसतें सोंग करावें. दुसऱ्यानें ऐकून सांगावें. आवाजाची पातळी दोन्ही वेळां सारखी ठेवावी, कारण किंचित् मोठा आवाज कानाला नेहमींच सरस वाटतो. असे वीस प्रयोग करून उत्तरें लिहून ठेवावीं. निम्म्याच्या आसपास उत्तरें बरोबर आलीं, तर तो नाणेफेकीचा खेळ समजावा.

या मोहाचें एक गमतीचें टोक प्रकाशतारेंत दिसतें. १९८३ सालीं तोशिबा कंपनीनें ध्वनिसंकेत प्रकाशाच्या रूपानें नेणारी तार बाजारांत आणली. तींतून वीज जातच नाहीं. तरीहि तिच्या टोकांस सोन्याचा मुलामा दिलेला माल विकला जातो!

तथापि सोन्यास सर्वस्वीं टाकाऊ ठरविणें हाहि अन्यायच होईल. समुद्राकांठच्या खाऱ्या हवेंत, किंवा जे प्लग वर्षानुवर्षे हलवावयाचे नसतात तेथें, चांगला मुलामा उपयोगी पडतो. मात्र त्याच्याखालीं निकेलचा थर असावा, नाहींतर तांबें हळूहळू सोन्यांतून वर येतें. खोबणहि सोन्याचीच असावी. सोनें आणि कथील यांची जोडी फार काळ नांदत नाहीं, कथलावरचा पापुद्रा वाढतच जातो. प्लग पुसण्यापूर्वीं यंत्राची वीज तोडावी, स्वच्छ फडक्यावर थोडें आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्यावें, आणि पूर्ण वाळल्यावरच जोड बसवावा. मुलाम्यावर घासकागद कधींहि लावूं नये. सोनें निघून जाईल आणि खालचा धातु उघडा पडेल.

महाग तारेंत पैसा जातो, तो एकवार भरून काढतां येईल. परंतु घरांत ज्यास फरक ऐकूं येत नाहीं त्यानें आपल्याच कानास दोष द्यावा, आणि न ऐकलेल्या गोडव्यास मान डोलवावी, हें नुकसान त्याहून मोठें आहे. त्या आईनें जें ऐकलें तेंच सांगितलें. घरांतील संगीतास अशा कानाची गरज अधिक आहे.